सिंधुदुर्गातली गावची हायस्कुलं: पट, निकाल, प्रवेश (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कणकवली तालुक्यातल्या एका गावात राहतो, माझी मुलगी गावच्याच हायस्कुलात आहे आणि मी स्वतः तिथूनच दहावी झालो. गेली काही वर्षं शाळेच्या पालक समितीत असल्यामुळे मे महिना आला की चाकरमानी, शेजारपाजारचे पालक, नव्याने गावी परतलेली कुटुंबं सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे आमच्या एका शाळेचं नाही, वैभववाडीपासून दोडामार्गपर्यंत आठही तालुक्यात थोड्याफार फरकाने हेच चालू आहे.

गावचं हायस्कूल सरकारी असतं का? जिल्हा परिषदेचंच ना ते?

बहुतेक ठिकाणी नाही. आपल्याकडे "मराठी शाळा" म्हणतात ती जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी-पाचवी किंवा सातवीपर्यंत. हायस्कूल मात्र जवळजवळ सगळीकडे एखाद्या शिक्षण संस्थेचं असतं, कोणीतरी जमीन दिलेली असते, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने पावतीपुस्तकं फाडून वर्ग बांधलेले असतात, आणि नंतर सरकारने शाळा अनुदानावर घेतलेली असते. म्हणजे शिक्षकांचे पगार सरकारचे, इमारत आणि कारभार संस्थेचा. याला अनुदानित शाळा म्हणतात आणि गावाकडच्या मुलांसाठी व्यवहारात हीच सरकारी हायस्कूल.

हा फरक समजून घ्या कारण तक्रार कुठे करायची ते यावर ठरतं. शिक्षकाचं पद रिकामं असेल तर माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस, सिंधुदुर्गनगरीला म्हणजे ओरोसला. छप्पर गळत असेल तर संस्था. पगाराव्यतिरिक्त सरकार वेतनेतर अनुदान देतं पण त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं यातच पैसे संपतात, कोकणातल्या पावसात कौलं शाकारायला त्यातून काही उरत नाही.

कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, म्हणजे आपल्या शाळा सगळ्यात चांगल्या, बरोबर?

पहिलं येतं हे खरं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे या विभागात, आधी आपण कोल्हापूर विभागात होतो, २०१२ च्या परीक्षेपासून वेगळे झालो आणि तेव्हापासून दहावीला पहिला नंबर सोडलेला नाही. २०२२ ला ९९.२७ टक्के, २०२३ ला ९८.११, २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२. त्याच २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० होता आणि सगळ्यात खाली नागपूर विभाग ९०.७८.

पण एक वर्ष नीट बघा, २०१९. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून टाकले होते, पूर्ण पेपर लेखी. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून थेट ७७.१० वर आला. आपलं कोकण तेव्हाही पहिलंच होतं, पण किती? ९६.०० वरून ८८.३८. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० ला कोकण ९८.७७ वर. एका वर्षात मुलं काही दहा टक्क्यांनी हुशार झाली नाहीत ना. म्हणजे निकालाच्या आकड्यात मुलांचा अभ्यास किती आणि परीक्षेची पद्धत किती हे वेगळं करूनच बघावं लागतं.

म्हणजे निकाल फुगवलेला आहे असं म्हणायचंय का?

नाही, असं अजिबात म्हणायचं नाहीये. २०१९ च्या अवघड वर्षातसुद्धा कोकण राज्याच्या अकरा टक्के पुढे होतं, ते उगाच झालं नाही. आपल्या मुलांची हजेरी चांगली असते, घरात आई शिकलेली असते, वडील मुंबईला असले तरी आजी आजोबा "शाळेत गेलंस काय रे" विचारणारे असतात, मुलगी शिकवायची की नाही हा वाद आपल्याकडे कधीच संपलाय, आणि वर्गात पंधरा-वीस मुलं असल्यामुळे शिक्षकाला प्रत्येकाचं घर माहीत असतं. पोरगं दोन दिवस आलं नाही तर सर संध्याकाळी खळ्यात येऊन उभे राहतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

शिवाय आकार बघा. २०२५ ला राज्यात साडेपंधरा लाखाच्या आसपास नियमित मुलं दहावीला बसली, त्यात आपल्या अख्ख्या कोकण विभागाची तीस हजारसुद्धा नाहीत. मुंबई किंवा पुणे विभागाशी तुलना करताना हे लक्षात असू दे.

माझं म्हणणं एवढंच की पास होणं आणि विषय येणं या दोन गोष्टी आहेत. ८० चा लेखी आणि २० चं अंतर्गत, मिळून ३५ आले की पास, गणित आणि विज्ञानाला तर दोन्ही विषयांचे गुण मिळून बघतात. असर नावाचं जे देशभर सर्वेक्षण होतं त्यात २०२३ ला १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना तपासलं, तर साधारण चारातल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. हे देशातल्या निवडक जिल्ह्यांचं आहे, आपल्या जिल्ह्याचं म्हणून कोणी सांगू नये, पण ९९ टक्के बघून निवांत बसायचं नाही एवढं यातून घ्यायला हवं.

आमच्या शाळेचा निकाल या वर्षी ९१ टक्के आला, शेजारच्या गावाचा १००. मुलाला तिकडे टाकू का?

या एका कारणासाठी नको. आधी विचारा वर्गात मुलं किती होती. समजा १२ मुलं बसली आणि एक नापास झालं तर निकाल ९१.६७. २४ मुलं असती तर त्याच एका मुलामुळे निकाल ९५.८३ झाला असता. एक मुलगा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आजारी पडला, एखाद्याच्या घरात काही दुःखद घडलं, की छोट्या शाळेचा निकाल आठ-नऊ टक्क्यांनी खाली. पुढच्या वर्षी परत १००. यात शाळा वाईट किंवा चांगली झाली असं काहीच नसतं. छोट्या शाळेचा निकाल बघायचा तर पाच वर्षांची सगळी मुलं एकत्र धरून बघा, किती बसली किती पास झाली.

मग शाळा चांगली आहे की नाही हे ओळखायचं कसं?

मी पालकांना सांगतो की बॅनरवर १०० टक्के बघू नका, ऑफिसात जाऊन बसा आणि विचारा. गणिताला आणि विज्ञानाला त्या विषयाचे शिक्षक आहेत का, की एकच सर दोन्ही शिकवून वर भूगोलपण घेतायत? इंग्रजीचं पद भरलेलं आहे का? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे का आणि असेल तर किल्ली कुणाकडे असते? मागच्या वर्षी दहावी झालेली मुलं आता काय करतायत, सायन्सला गेलेल्या मुलांचं अकरावीत काय झालं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दहावीला ८५ टक्के घेऊन तालुक्याच्या कॉलेजला सायन्सला गेलेलं पोर अकरावीच्या फिजिक्सला रडकुंडीला येतं तेव्हा कळतं की नववी-दहावीचं गणित कच्चं राहिलं होतं.

आणि अजून एक, हे जरा अवघड आहे पण विचाराच. आठवीला जेवढी मुलं होती तेवढीच दहावीला बसली का? निकाल १०० ठेवायच्या नादात कच्च्या मुलाला नववीत अडवणं किंवा "१७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस" असं सुचवणं हे कुठेही होऊ शकतं. १७ नंबर हा शाळा सुटलेल्यांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, फार चांगली सोय आहे, पण रोज वर्गात बसणाऱ्या मुलासाठी ती नाही. आठवीला २० आणि दहावीला १५ असतील तर ते पाच कुठे गेले हे शाळेला नावानिशी सांगता आलं पाहिजे. गाव सोडलं, बदली झाली, नवोदयला गेलं, काहीही असेल, पण सांगता आलं पाहिजे.

शाळेचा पट एवढा कमी का झाला? शिक्षक लक्ष देत नाहीत म्हणून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मुलंच कमी जन्माला येतायत आणि जी आहेत ती गावात नाहीत.

जनगणना काढून बघा. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ला ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत होती त्या दहा वर्षांत आपला जिल्हा कमी झाला. रत्नागिरीचंही तेच, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. २०११ ला सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या, रत्नागिरीत १,१२२, याचा अर्थ आपल्याला माहीत आहे, कर्ता माणूस मुंबईत. पूर्वी बाप मुंबईला आणि बायको-मुलं गावाला असायची, मनीऑर्डर यायची आणि मुलं गावच्या शाळेत शिकायची. आता लग्न झालं की दोघंही नालासोपारा, विरार, डोंबिवलीला, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडचे गोव्याला. घरटी दोन मुलं असायची तिथे एक. वाडीत पंचवीस घरं असतील तर दहा गणपतीपुरती उघडतात.

माझ्या दहावीला अ आणि ब अशा दोन तुकड्या होत्या, बाकावर तीन-तीन जण. आज त्याच इमारतीत एक तुकडी आहे आणि ब चा वर्ग खिचडीचे तांदूळ ठेवायला वापरतात. शिक्षक तेव्हापेक्षा जास्त शिकलेले आहेत, डिजिटल बोर्ड आहे, पण बाकावर बसायला मूल नाही. त्याला शिक्षक काय करणार.

पण इंग्लिश मीडियममुळे पण मुलं गेली ना?

गेली, नाकारत नाही. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, त्यानंतर खाजगी शाळा काढणं सोपं झालं, आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या हमरस्त्यावरच्या गावांभोवती पिवळ्या गाड्या पंधरा-वीस किलोमीटरवरच्या वाड्यांतून मुलं उचलायला लागल्या. पालकाला गाडी दारात येते हेच मोठं वाटतं. त्यावर आपल्या शाळांनी सेमी इंग्लिश सुरू केलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून बाकी मराठीतून. चांगला मधला मार्ग आहे, पण एक बघा, सेमी शिकवणाऱ्या शिक्षकाला ते इंग्रजीतून शिकवायचं जमतंय का. नाहीतर मूल "न्यूमरेटर" पाठ करतं आणि अंश म्हणजे काय ते कळतच नाही, मग कुठल्याच भाषेत गणित येत नाही.

तरी माझं मत असं की इंग्लिश मीडियमने पटाचा एक हिस्सा नेला, मोठा हिस्सा घरं रिकामी झाल्यामुळे गेला. खाजगी इंग्रजी शाळासुद्धा आता मुलं शोधत फिरतायत.

पाचवीचा आणि आठवीचा वर्ग कधी इथे कधी तिथे, हा काय गोंधळ आहे?

महाराष्ट्रात जुनी पद्धत पाचवीपासून हायस्कूल. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना आहे. त्यामुळे चौथीपर्यंतची शाळा म्हणते पाचवी आम्हाला जोडा, सातवीपर्यंतची म्हणते आठवी आम्हाला द्या, आणि हायस्कूल म्हणतं तुम्ही पाचवी आणि आठवी नेलीत तर आमच्याकडे राहिलं काय. दोघांचेही शिक्षक पटावर अवलंबून. एकाच गावातल्या दोन शाळांचे शिक्षक एप्रिलमध्ये त्याच दहा घरांच्या पायऱ्या चढतात, मला दोघांचंही वाईट वाटतं. पालकांनी एवढंच बघावं की मुलाला पायी कुठली शाळा पडते आणि त्या इयत्तेला शिकवायला माणूस कुठे आहे.

३० सप्टेंबर, संचमान्यता हे शब्द सारखे ऐकू येतात, काय भानगड आहे?

वर्षभर शाळेत किती शिक्षक राहणार हे यावर ठरतं. ३० सप्टेंबरला हजेरीपटावर जेवढी मुलं आहेत ती सरकारी पोर्टलवर जातात, त्यावरून शाळेला किती पदं मंजूर ते निघतं, त्याला संचमान्यता म्हणतात. पदं कमी मंजूर झाली तर जो शिक्षक जास्तीचा ठरतो तो "अतिरिक्त", त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, कधी दुसऱ्या तालुक्यात.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि निदान विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना एकेक असं लिहिलंय. शहरात हे बरोबर चालतं. डोंगरातल्या शाळेत ३५ चा हिशोब लावला की सगळं गणित कोसळतं, कारण मुलं १४ असली तरी विषय तेवढेच असतात. बीजगणित १४ मुलांना शिकवायलाही गणिताचाच माणूस लागतो. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा नवीन शासन निर्णय आला त्याच्यावर शिक्षक संघटनांनी सगळ्यात जास्त आवाज उठवला तो यावरच, की वरच्या वर्गांचा पट २० च्या खाली गेला की मंजूर शिक्षकच उरत नाहीत. मुख्याध्यापकाचं पदसुद्धा पटावरच असतं.

आणि एकदा का शिक्षक गेला की चक्र सुरू होतं. गणिताचे सर गेले, पालक घाबरले, चार मुलांचे दाखले काढले, पट आणखी खाली, पुढच्या वर्षी आणखी एक शिक्षक गेला. मी हे जवळून बघितलंय. पट कमी झाला म्हणून शाळा खराब झाली असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात पट कमी झाला म्हणून शिक्षक गेला आणि मग शाळा खराब झाली.

माझ्या मुलाचं आधार दुरुस्त करा म्हणून शाळा मागे लागलीये, एवढं काय त्यात?

फार आहे, कृपया लगेच करा. नावातला काना-मात्रा, जन्मतारीख, लिंग यातलं काही शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर पोर्टलवर आधार वैध होत नाही, आणि वैध आधार नसलेलं मूल संचमान्यतेत धरलं जात नाही अशी वेळ आलेली आहे. मूल रोज वर्गात बसतंय आणि कागदावर नाही. आपल्यासारख्या शाळेत दोन मुलं अशी सुटली तर एक शिक्षक जाऊ शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्याला जाऊन काम उरकून घ्या, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांगा असतात.

२० पेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद होणार का?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने समूह शाळांचा विचार पुढे आणला, म्हणजे आजूबाजूच्या कमी पटाच्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत, गाडीची सोय करून. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दिली जात होती. तेव्हा राज्यात २० च्या आतल्या जवळपास १५ हजार शाळा असल्याचा आकडा आला होता. विरोध खूप झाला आणि सरकारलाही सांगावं लागलं की शाळा बंद करायचा हेतू नाही.

माझं स्वतःचं मत सांगतो, सगळ्यांना पटेलच असं नाही. हायस्कूलच्या बाबतीत एकत्र येणं ही वाईटच गोष्ट आहे असं मी मानत नाही. आठवी ते दहावीच्या मुलाला वर्गात वाद घालायला, कबड्डीचा संघ करायला, स्नेहसंमेलनात नाटक बसवायला सोबती लागतात. तीन मुलांचा वर्ग बघून मला वाईट वाटतं. पण पहिली ते चौथीचं लहान मूल वाडीतच शिकलं पाहिजे, तिथे अंतराचा हिशोब पायाने करावा लागतो. आणि हायस्कूल एकत्र करायचं तर आधी गाडी सुरू करा, एक अख्खा पावसाळा ती रोज वेळेवर येते का ते दाखवा, मगच जुन्या शाळेला हात लावा. उलट क्रमाने केलं तर मुली आधी घरी बसतील.

शाळा फक्त सहा-सात किलोमीटर लांब आहे, एवढं काय अवघड?

नकाशावर सहा किलोमीटर दिसतात. आपल्याकडे मध्ये ओहोळ असतो, त्यावर साकव म्हणजे छोटा पूल असतो, जुलैमध्ये साकवावरून पाणी जातं. वाडी घाटीच्या वर आणि एसटीचा थांबा खाली. सकाळची वस्तीची गाडी चुकली तर पुढची दुपारची. परतीची गाडी पाच वाजता असली आणि शाळेने दहावीचा जादा तास साडेपाचपर्यंत घेतला तर लांबच्या वाडीतली मुलं तो तास सोडूनच येतात, म्हणजे ज्यांना गरज जास्त तीच बाहेर.

मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे, मुलग्यांना तिकिटाचा साधारण एक तृतीयांश भरावा लागतो. योजना उत्तम आहे पण पास असून गाडी नसली तर काय. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता तेव्हा हे सगळ्यांना कळलं. कोरोनानंतर ऑक्टोबर २०२१ ला शाळा कुठे नीट सुरू झाल्या आणि महिन्याभरात गाड्या बंद. आमच्याकडे काही पालकांनी मिळून टेम्पो केला, ज्यांना परवडलं नाही त्यांची मुलं दोन-दोन तास चालली. कामगारांच्या मागण्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांचेही हाल होते, मी फक्त मुलांचं सांगतोय.

म्हणून प्रत्येक जूनमध्ये पालक समितीचं पहिलं काम आगार प्रमुखांना भेटून शाळेच्या वेळेप्रमाणे गाडीची वेळ मागून घेणं हे असलं पाहिजे. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची वाडीवार संख्या लिहून नेली की बऱ्याचदा काम होतं, तोंडी सांगून होत नाही.

नववीत गेल्यावर खर्च अचानक का वाढतो?

कारण शिक्षण हक्क कायदा १४ वर्षं वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. पुस्तकं फुकट आठवीपर्यंत, खिचडी आठवीपर्यंत. नववीला पुस्तकं विकत, दुपारचा डबा घरून. मुलींना बारावीपर्यंत फी नाही आणि अनुदानित शाळेत मुलग्यांचीही फी नाममात्रच असते, तरी वह्या-पुस्तकं, क्लास, प्रवास धरून हातावर पोट असलेल्या घराला ते जाणवतं. गळती जी होते ती इथेच होते, आपल्याकडे प्रमाण कमी असलं तरी. आमच्याकडे दहावी झालेली मुलं आपली पुस्तकं शाळेत परत देतात आणि नववी-दहावीच्या मुलांना ती मिळतात. एकही रुपया लागत नाही, फक्त कुणीतरी मेमध्ये कपाट लावून ठेवावं लागतं.

एनएमएमएस (केंद्राच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा द्यावी का?

हो, नक्की द्या. आठवीत असते, मुलाला सातवीला ५५ टक्के हवेत, मागास प्रवर्गाला त्यात थोडी सूट आहे, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. वर लिहिलेला नववीचा खर्च यातच निघतो. उत्पन्नाचा दाखला जुलैतच काढा. खाजगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे शाळा बदलताना फार पालक विसरतात.

नवोदयला पाठवावं का? गावची शाळा आणखी रिकामी होईल ना?

आपल्या जिल्ह्याचं नवोदय सांगेलीला, सावंतवाडी तालुक्यात. पाचवीत असताना परीक्षा, सहावीला प्रवेश, ८० जागा, त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. मूल घरापासून लांब राहायला तयार असेल तर जरूर पाठवा. गावच्या शाळेचा पट टिकवायची जबाबदारी दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवू नये.

आम्ही मुंबईहून गावी परत येतोय, मुलाला मधल्या वर्षी प्रवेश मिळेल का?

मिळेल, आणि शाळा आनंदाने घेईल. आठवीपर्यंत तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच आहे. नववी-दहावीसाठी मात्र दाखला आधी हातात घ्या, आणि दहावीचं असेल तर बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत या, कारण फॉर्म एकदा मुंबई विभागातून गेला की बदलायला नाकीनऊ येतात. जुन्या शाळेकडून मुलाचा यूडायसचा कायम क्रमांक घ्यायला आणि सरलमधली (यूडायस आणि सरल ही मुलांच्या नोंदीची सरकारी पोर्टलं) ऑनलाइन ट्रान्सफर करून घ्यायला विसरू नका. दाखला कागदावर मिळतो पण ऑनलाइन मूल जुन्या शाळेतच अडकून राहतं, आणि मग ३० सप्टेंबरला आमच्याकडे धरलं जात नाही. शक्य असेल तर जूनमध्येच या. ऑक्टोबरमध्ये आलेलं मूल त्या वर्षीच्या पटात येत नाही.

दहावीनंतर अकरावीचं काय? ऑनलाइन झाल्यापासून काही कळत नाही.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले, आधी ते मुंबई, पुण्यासारख्या शहरी भागातच होतं. आपल्याकडे जागा मुलांपेक्षा जास्त आहेत त्यामुळे प्रवेश मिळणार नाही ही भीती नको. अडचण वेगळी आहे, गावात रेंज नाही, ओटीपी येतो तो मुंबईतल्या बापाच्या मोबाईलवर, आणि पसंतीक्रम भरताना मुलं लांबचं कॉलेज वर टाकतात. पहिल्या पसंतीला नंबर लागला तर तो घ्यावाच लागतो नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, म्हणून ज्या कॉलेजला सकाळी गाडी जाते तेच पहिलं टाका. शाळेतल्या कॉम्प्युटर रूममध्ये सरांसमोर बसून फॉर्म भरलेला बरा.

दोन विषयांपर्यंत राहिले असतील तरी एटीकेटीवर अकरावी मिळते, वर्ष वाया जात नाही, आणि पुरवणी परीक्षा लगेच जून-जुलैमध्ये असते. नापास झालेल्या मुलाला हे त्याच दिवशी सांगा, निकालाच्या दुपारी. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आम्ही माजी विद्यार्थी मुंबईत आहोत, वर्गणी काढून गेट किंवा कमान बांधून दिली तर चालेल का?

भावना समजते, पण कमान नको. इमारत बहुतेक शाळांना पुरून उरेल एवढी आहे. जे पद सरकारने मंजूर केलेलं नाही त्या विषयासाठी जवळपासचा कुणी बीएस्सी बीएड झालेला मुलगा किंवा मुलगी मानधनावर ठेवायला दरमहा पैसे लागतात, ते द्या. सरकारी शिक्षण सेवकालाच माध्यमिकला महिना १८,००० मिळतात, त्यावरून अंदाज करा, वीस-पंचवीस जणांनी मिळून महिना हजार रुपये दिले तर गणिताचा शिक्षक उभा राहतो आणि वर लांबच्या वाडीच्या रिक्षाला थोडे उरतात. एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा हे तीन वर्षं सलग चालू ठेवायची तयारी असेल तरच हात घाला, कारण मध्येच बंद झालं तर दहावीचा वर्ग अर्ध्यावर पडतो. गणपतीला आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत या, सुट्टी असली तरी मुख्याध्यापक गावातच असतात, त्यांना फोन करून किल्ली मागवून घेऊ आणि कुठल्या विषयाचं पद रिकामं आहे ते तक्त्यावर बघूनच ठरवू.